पॅनेल ओढले की लेआउट पुन्हा का मोडतो? मोठ्या वेब ॲप्लिकेशनमधील वारंवार परतणाऱ्या बिघाडाचे निवारण

डावीकडे एकात एक उघडत जाणारी यादी, मधोमध तक्ता किंवा एडिटर, उजवीकडे तपशिलाचे पॅनेल आणि मध्ये ओढता येणारे दोन स्प्लिटर, म्हणजे दुभाजक पट्ट्या, अशी रचना बहुतेक मोठ्या वेब ॲप्लिकेशनमध्ये असते. या रचनेविषयी येणारी तक्रारही ठरलेली असते. पॅनेल एका मर्यादेखाली लहान होत नाही, एकदा मोठे केले की पूर्वीच्या मापाला येत नाही, किंवा संपूर्ण पानालाच आडवा स्क्रोलबार येतो. तक्रारीची नोंद होते, कोणीतरी एक-दोन ओळी बदलून ती बंद करतो आणि काही महिन्यांनी तीच तक्रार दुसऱ्या पॅनेलवर उभी राहते. मी हा बिघाड एकाच ॲप्लिकेशनमध्ये चार वेळा दुरुस्त केला आहे. पहिल्या तीन वेळी मी जे बदलले ते लक्षण होते. मूळ कारणाला हात लागला तो चौथ्या वेळी.

पॅनेलची रुंदी आतला मजकूर ठरवणार की बाहेरची चौकट, हे कोडमध्ये कुठेही स्पष्ट केलेले नसते, हेच ते कारण. वापरणारा स्प्लिटर ओढतो तेव्हा त्याच्या दृष्टीने रुंदी तोच ठरवत असतो. ब्राउझर मात्र, तसे बजावून सांगितले नसेल तर, मजकुरालाही त्या निर्णयात वाटा देतो. पुढे सांगितलेले जवळजवळ सगळे बिघाड या दोघांच्या ओढाताणीतून येतात, म्हणून प्रत्येक ठिकाणी आधी हाच प्रश्न विचारावा.

पॅनेल लहान होत नाही

एक उदाहरण मापांसह पाहू. स्क्रीनची रुंदी १३६६ पिक्सेल आहे, डावे पॅनेल २६०, उजवे ४०० आणि दोन्ही स्प्लिटर प्रत्येकी ६ पिक्सेलचे आहेत. मधल्या तक्त्यासाठी ६९४ पिक्सेल उरतात. मधल्या स्तंभाला सीएसएसच्या ग्रिड मांडणीत १ एफआर (उरलेल्या जागेचा एक वाटा) दिलेले आहे, त्यामुळे उरलेली जागा तो बिनतक्रार घेईल असे वाटते, आणि चाचणीच्या डेटावर तो तशी घेतोही. मग प्रत्यक्ष वापरात एका ओळीत कुठेही न तुटणारा १४० अक्षरांचा दुवा येतो. १४ पिक्सेलच्या समान रुंदीच्या फाँटमध्ये एक अक्षर साधारण ८.४ पिक्सेल जागा घेते, म्हणजे तो दुवा सुमारे ११७६ पिक्सेल रुंद होतो. मधला स्तंभ ६९४ वर न थांबता ११७६ पर्यंत फुगतो, उजवे पॅनेल ४८२ पिक्सेल पडद्याबाहेर ढकलले जाते आणि पानाला आडवा स्क्रोलबार येतो. स्प्लिटर कितीही ओढला तरी मधला भाग त्याखाली येत नाही.

ब्राउझर येथे नियमाप्रमाणेच वागत असतो. ग्रिडमधील १ एफआर याचा पूर्ण अर्थ 'किमान ऑटो, कमाल १ एफआर' असा आहे, आणि तो ऑटो म्हणजे मजकूर शब्द न तोडता जितका आक्रसू शकतो तितकी रुंदी. फ्लेक्स या सीएसएसच्या दुसऱ्या मांडणीतही हेच घडते, कारण फ्लेक्स आयटमची मिन-विड्थ (किमान रुंदी) मुळात शून्य नसून ऑटो असते. म्हणून ग्रिडमध्ये १ एफआरच्या जागी मिनमॅक्स(०, १ एफआर) लिहावे आणि फ्लेक्समध्ये त्या आयटमला मिन-विड्थ: ० द्यावी. उभ्या रचनेत, उदाहरणार्थ पानाच्या तळाशी नोंदींची पट्टी असेल तर, हीच गोष्ट मिन-हाइटबाबत (किमान उंचीबाबत) करावी लागते. 'आतला भाग स्क्रोल होत नाही, पूर्ण पानच लांबते' या तक्रारीचे कारण बहुतेक वेळा तिथे असते.

हा उपाय अनेकांना ठाऊक असतो, तरीही बिघाड परततो, आणि त्याची दोन कारणे मला वारंवार दिसली आहेत. पहिले असे की मिन-विड्थ: ० एकाच डब्याला दिली जाते. ॲप्लिकेशनच्या बाहेरच्या चौकटीपासून प्रत्यक्ष स्क्रोल होणाऱ्या डब्यापर्यंत फ्लेक्स किंवा ग्रिडचे चार-पाच थर असतात आणि त्यांतल्या कोणत्याही एका थरावर ऑटो शिल्लक राहिले की साखळी तिथेच अडते. नंतर कोणी मध्ये एखादा नवा आवरणाचा डबा घातला, की आधीची दुरुस्ती निष्प्रभ होते, आणि तसे झाल्याची खूण कोडमध्ये कुठेही दिसत नाही.

दुसरे कारण अधिक फसवे आहे. फ्लेक्स किंवा ग्रिडच्या आयटमला ओव्हरफ्लो: हिडन (बाहेर जाणारा भाग लपवणे) दिले तर तो स्क्रोल होऊ शकणारा डबा मानला जातो, आणि अशा डब्याची स्वयंचलित किमान रुंदी शून्य होते. त्यामुळे पॅनेल 'आपोआप' बरोबर वागू लागते आणि दुरुस्ती झाली असे वाटते. पुढे कोणाच्या तरी लक्षात येते की त्या पॅनेलमधील ड्रॉपडाउन कापला जात आहे किंवा फोकसची कडा दिसत नाही. तो सद्हेतूने ते हिडन काढतो, किंवा कडेबाहेर थोडी मोकळीक ठेवून त्या जागी क्लिप लिहितो, आणि क्लिप दिलेला डबा स्क्रोल होणारा नसल्यामुळे किमान रुंदी पुन्हा ऑटोवर जाते. ती तक्रार मिटते आणि पॅनेलची तक्रार जिवंत होते. म्हणूनच मिन-विड्थ: ० ही स्वतंत्र ओळ म्हणून लिहावी, दुसऱ्या गुणधर्माच्या परिणामावर विसंबू नये, आणि ती का आहे हे शेजारी एका वाक्यात नोंदवावे.

दोष नेमका कोणत्या थरावर आहे हे शोधण्याची माझी पद्धत साधी आहे. डेव्हलपर टूल्समध्ये फुगलेला मजकूर निवडावा आणि तेथून एकेक पालक डबा चढत बाहेर जावे. ज्या डब्याची मोजलेली रुंदी त्याच्या पालकापेक्षा जास्त आहे असा सर्वांत बाहेरचा डबा हा गुन्हेगार असतो. त्यावर तात्पुरती मिन-विड्थ: ० लिहून पाहावी, अडथळा एक थर आत सरकला तर तेथेही तेच करावे. नंतर ही तपासणी पुन्हा करावी लागू नये म्हणून प्रत्येक पॅनेलमध्ये मुद्दाम ३०० अक्षरांची न तुटणारी ओळ टाकून पानाची स्क्रोल-विड्थ (मजकुराची पूर्ण रुंदी) आणि क्लायंट-विड्थ (दिसणारी रुंदी) समान राहते का, हे पाहणारी एक स्वयंचलित चाचणी लिहून ठेवावी. त्या चौथ्या दुरुस्तीनंतर बिघाड परतला नाही याचे श्रेय मी या चाचणीला देतो.

वाढतो पण आटत नाही: कॅनव्हासवरील आलेख

आलेखाचे पॅनेल मोठे केले की आलेख मोठा होतो, पण पॅनेल लहान केले की तो तसाच राहतो, ही तक्रार वेगळी वाटली तरी तिचे मूळ वरचेच आहे. कॅनव्हासला, म्हणजे कोडने चित्र काढण्याच्या एलिमेंटला, स्वतःची पिक्सेलमधील रुंदी असते. आलेख काढणारा कोड पॅनेलच्या मापावरून ती रुंदी ठरवतो, आणि एकदा ठरली की तीच रुंदी पॅनेलची किमान रुंदी होऊन बसते. पॅनेल आक्रसतच नाही, त्यामुळे रिसाइझ ऑब्झर्व्हरला (एलिमेंटचे माप बदलले की कोडला सांगणाऱ्या ब्राउझरच्या सोयीला) कळवण्यासारखे काही घडत नाही आणि आलेख पुन्हा काढला जात नाही.

उंचीच्या बाबतीत याहून चमत्कारिक प्रकार होतो: कोणी हात न लावता आलेख हळूहळू खाली वाढत जातो. कॅनव्हास मुळात अक्षरांप्रमाणे ओळीत बसणारा एलिमेंट असल्यामुळे त्याच्याखाली अक्षरांच्या शेपटांसाठी काही पिक्सेलची फट राहते. पालकाची उंची निश्चित केलेली नसेल तर ती कॅनव्हास अधिक फट इतकी होते, ऑब्झर्व्हर ती नवी उंची कॅनव्हासला देतो, पुन्हा तेवढीच फट मिळते आणि हा पाळणा थांबत नाही. कॅनव्हासला डिस्प्ले: ब्लॉक दिल्याने फट जाते, पण मी त्यावर थांबत नाही. पालकाला स्थिर माप व पोझिशन: रिलेटिव्ह देऊन कॅनव्हास त्याच्या आत ॲब्सोल्यूट ठेवतो, म्हणजे आतल्या चित्राचा बाहेरच्या मापावर कोणताच हक्क उरत नाही.

ऑब्झर्व्हरचा इशारा आणि थरथरणारे पॅनेल

रिसाइझ ऑब्झर्व्हर क्रोममध्ये २०१८ साली, फायरफॉक्समध्ये २०१९ साली आणि सफारीमध्ये २०२० साली आला. त्याआधी केवळ खिडकीच्या रिसाइझ घटनेवर विसंबावे लागे. ती घटना स्प्लिटर ओढल्यावर येतच नाही, कारण खिडकीचे माप बदललेले नसते. 'खिडकी थोडी लहान-मोठी केली की तक्ता नीट होतो' असे वापरणारा सांगत असेल, तर त्या घटकात अजून जुनीच सवय शिल्लक आहे असे समजावे.

ऑब्झर्व्हर वापरू लागल्यावर मात्र कन्सोलमध्ये 'सूचना पोहोचवण्याच्या आत फेरा संपला' अशा आशयाचा संदेश दिसू लागतो. ब्राउझर एका फ्रेममध्ये मापे ठरवतो, ऑब्झर्व्हरना कळवतो, आणि त्यांनी मापे बदलली तर केवळ आणखी आतल्या एलिमेंटना त्याच फ्रेममध्ये पुन्हा कळवतो. बाकीच्यांची सूचना पुढच्या फ्रेमवर जाते आणि हा संदेश उमटतो. तो एकदा आला तर फारसे बिघडत नाही. तो अखंड येत असेल तर कोणीतरी स्वतःचेच माप बदलत आहे, आणि त्याला दाबून टाकण्याऐवजी त्याचा माग काढावा.

मला भेटलेला सर्वांत हट्टी प्रकार स्क्रोलबारचा होता. पॅनेल ठरावीक रुंदीपेक्षा अरुंद झाले की आतला भाग आटोपशीर रूप घेत असे. त्या रुंदीच्या आसपास विस्तृत रूपाची उंची जास्त व्हायची, उभा स्क्रोलबार यायचा, त्याने साधारण १५ पिक्सेल खाल्ले की आतली जागा मर्यादेखाली जायची, आटोपशीर रूप यायचे, उंची कमी व्हायची, स्क्रोलबार जायचा आणि १५ पिक्सेल परत मिळताच विस्तृत रूप परतायचे. पॅनेल डोळ्यांदेखत थरथरत राही. ज्या यंत्रांवर स्क्रोलबार मजकुरावर तरंगतो आणि जागा घेत नाही तिथे हे दिसतच नसल्यामुळे 'माझ्याकडे तर व्यवस्थित चालते' या उत्तरात आमचे बरेच दिवस गेले. त्या डब्याला स्क्रोलबार-गटर: स्टेबल दिले, म्हणजे स्क्रोलबार असो वा नसो त्याची जागा राखून ठेवली, तेव्हा थरथर थांबली. जिथे हा गुणधर्म चालत नाही तिथे ओव्हरफ्लो-वाय: स्क्रोल लिहून तोच परिणाम साधता येतो.

रूप बदलण्याचा निर्णय जावास्क्रिप्टमध्ये घेण्याची गरजही आता बहुधा उरलेली नाही. २०२३ च्या फेब्रुवारीत फायरफॉक्समध्ये आल्यापासून कंटेनर क्वेरी (बाहेरच्या डब्याच्या रुंदीनुसार शैली बदलण्याची सोय) सर्व प्रमुख ब्राउझरांत उपलब्ध आहे, आणि ओढता येणाऱ्या पॅनेलसाठी खिडकीच्या रुंदीवर चालणाऱ्या मीडिया क्वेरीपेक्षा तीच योग्य आहे. एक काळजी घ्यावी लागते. कंटेनर-टाइप: इनलाइन-साइझ दिलेल्या डब्याची रुंदी ब्राउझर तो रिकामा असल्याप्रमाणे मोजतो, त्यामुळे मजकुरावरून रुंदी घेणाऱ्या डब्याला ते दिले तर तो शून्यावर कोसळतो. स्प्लिटर ज्याची रुंदी ठरवतो त्या बाहेरच्या डब्यालाच ते द्यावे. तिथे ते शोभते, कारण 'या डब्याची रुंदी आतून ठरत नाही' असेच ते ब्राउझरला सांगत असते.

ओढताना सुटणारा किंवा मागे राहणारा स्प्लिटर

ओढण्याचे बिघाड संख्येने पुष्कळ असले तरी एकेकाचा उपाय लहान आहे. आयफ्रेमवरून (पानात बसवलेल्या दुसऱ्या पानावरून) जाताना स्प्लिटर अडकत असेल, तर माउसच्या हालचाली त्या आयफ्रेमच्या आतल्या पानाकडे जात आहेत. ओढणे सुरू होताच स्प्लिटरवर सेट-पॉइंटर-कॅप्चर (पुढच्या हालचाली स्प्लिटरकडेच आणणारे फंक्शन) बोलवावे आणि ओढणे चालू असेपर्यंत सर्व आयफ्रेमना पॉइंटर-इव्हेंट्स: नन द्यावे. बोटाने ओढताना दोन-चार पिक्सेलनंतर सर्व थांबत असेल, तर ब्राउझरने ती हालचाल स्क्रोलिंग समजून पॉइंटर-कॅन्सल पाठवलेले असते. स्प्लिटरला टच-ॲक्शन: नन दिल्याने ते टळते. ओढणे संपल्यानंतरचे आवराआवरीचे काम पॉइंटर-अप (बटण किंवा बोट उचलल्याची घटना) ऐवजी लॉस्ट-पॉइंटर-कॅप्चर (पकड सुटल्याची घटना) वर बांधावे, कारण हालचाल पूर्ण झाली काय किंवा रद्द झाली काय, ती घटना येतेच.

पॅनेल कर्सरच्या मागून रांगत येत असेल तर विड्थवर ट्रान्झिशन (बदल सावकाश दाखवणारा परिणाम) आहे का ते पाहावे. पॅनेल मिटण्या-उघडण्यासाठी ठेवलेले २०० मिलिसेकंदांचे ट्रान्झिशन ओढताना प्रत्येक हालचालीवर नव्याने सुरू होते. ओढण्याच्या काळापुरते ते बंद करावे.

कर्सर किमान मापाच्या पलीकडे जाऊन परत आल्यावर पॅनेल आणि कर्सर यांच्यात अंतर पडत असेल, तर कोड प्रत्येक हालचालीचा फरक आधीच्या रुंदीत मिळवत आहे. मर्यादेमुळे वाया गेलेले फरक परत येताना मोजले जातात आणि चूक साठत जाते. सुरुवातीची रुंदी आणि सुरुवातीचा बिंदू जपून ठेवावा, दर वेळी एकूण अंतरावरून नवी रुंदी काढावी आणि मर्यादा सर्वांत शेवटी लावावी.

ओढणे जड वाटत असेल तर हालचालीगणिक मापे वाचणे आणि लिहिणे आलटूनपालटून होत आहे का हे तपासावे. प्रत्येक लिहिण्यानंतरचे वाचन ब्राउझरला तत्काळ लेआउट (मांडणीचा हिशेब) करायला भाग पाडते. ६० हर्ट्झच्या पडद्यावर एका फ्रेमसाठी १६.७ मिलिसेकंद असतात आणि मोठ्या तक्त्याचा एक लेआउट ते सहज संपवतो. वाचन ओढण्याच्या आरंभी एकदाच करावे आणि लिहिणे रिक्वेस्ट-ॲनिमेशन-फ्रेममध्ये फ्रेममागे एकदा. रुंदीसाठी सीएसएस व्हेरिएबल वापरत असाल तर ते मुळाच्या एलिमेंटवर ठेवू नये, कारण व्हेरिएबल वारशाने खाली उतरते आणि बदलल्यावर संपूर्ण पानाच्या शैलीचा फेरहिशेब होतो. ते पॅनेलांच्या थेट पालकावर ठेवावे आणि प्रत्येक पॅनेलच्या आतल्या भागाला कंटेन: स्ट्रिक्ट देऊन त्याचा हिशेब बाहेर जाऊ देऊ नये.

दुसऱ्या पडद्यावर विस्कटणारी जपलेली मापे

वापरणाऱ्याने लावलेली रचना पुढच्या वेळी तशीच मिळावी म्हणून मापे ब्राउझरच्या लोकल स्टोरेजमध्ये ठेवली जातात. २५६० पिक्सेलच्या पडद्यावर एखाद्याने उजवे पॅनेल ९०० पिक्सेलचे केले आणि नंतर तेच ॲप्लिकेशन १३६६ च्या लॅपटॉपवर उघडले, तर डाव्या पॅनेलचे २६० आणि स्प्लिटरचे १२ वजा जाता मधल्या तक्त्याला १९४ पिक्सेल उरतात. मधल्या भागाचे किमान माप ४०० ठरवलेले असेल तर उजवे पॅनेल ६९४ वर आणावे लागते, आणि इथवर बहुतेक कोड बरोबर असतो. चूक पुढच्या पायरीवर होते: आवळलेले ६९४ हेच माप पुन्हा जपले जाते, आणि तो मनुष्य मोठ्या पडद्याकडे परततो तेव्हा त्याने विचारपूर्वक लावलेले ९०० कायमचे गेलेले असते.

म्हणून हवे असलेले माप आणि दाखवलेले माप या दोन वेगळ्या गोष्टी मानाव्यात. जपायचे ते पहिले, आणि ते केवळ वापरणाऱ्याने स्वतः स्प्लिटर हलवला तरच बदलावे. ऑब्झर्व्हरच्या कोडमधून स्टोरेजमध्ये कधीही लिहू नये. बाजूच्या पॅनेलांची मापे पिक्सेलमध्ये जपावीत, मधल्या भागाचे जपूच नये, कारण तो उरलेले घेतो. पॅनेल मिटलेले आहे ही स्वतंत्र नोंद असावी. मिटणे म्हणजे रुंदी शून्य असे जपले तर उघडताना कोणत्या मापावर यायचे हे कोणालाच ठाऊक नसते, आणि शून्य रुंदीचे न सापडणारे पॅनेल ही तक्रार तिथूनच येते. स्टोरेजमधून आलेली संख्या खरोखर संख्या आहे का, हेही वाचताना तपासावे.

माउस नसताना

स्प्लिटर फक्त ओढताच येत असेल तर तो बिघाडच आहे, आणि इतर बिघाडांइतक्याच तातडीने तो दुरुस्त व्हावा असे माझे ठाम मत आहे. ज्याला ओढणे शक्य नाही त्याच्यासाठी वरची सगळी मेहनत असून नसल्यासारखी आहे. स्प्लिटरला सेपरेटर हा रोल, कीबोर्डने फोकस घेण्याची सोय, आणि सध्याचे, किमान व कमाल माप सांगणारे एरिया (ARIA, स्क्रीन रीडरसारख्या साधनांसाठीचे) गुणधर्म द्यावेत. बाणांच्या कळांनी माप बदलावे, होम आणि एंडने किमान-कमाल गाठता यावे, एंटरने पॅनेल मिटावे-उघडावे. ऑक्टोबर २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डब्ल्यूसीएजी २.२ या वेब-सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये जे काम ओढून होते ते न ओढता, साध्या क्लिकनेही करता यावे अशी एए पातळीची अट आहे, आणि ती केवळ कीबोर्डने पूर्ण होत नाही. म्हणून पॅनेलच्या शीर्षपट्टीत रुंद-अरुंद करण्याची बटणेही ठेवावीत. दिसायला ६ पिक्सेलची पट्टी ठेवली तरी तिच्याभोवती पकडीसाठी अदृश्य २४ पिक्सेलची जागा असावी.

पान ४०० टक्के मोठे करून पाहणाऱ्याला १२८० पिक्सेलच्या खिडकीत केवळ ३२० पिक्सेल मिळतात आणि तिन्ही पॅनेलांच्या किमान मापांची बेरीज त्याहून कितीतरी जास्त असते. अशा वेळी मापे आणखी आवळत बसू नये. बेरीज उपलब्ध रुंदीपेक्षा जास्त झाली हे कळताच स्प्लिटर काढून टाकावेत, पॅनेल एकाखाली एक रचावेत आणि जपलेल्या मापांना हात न लावता ती तशीच राहू द्यावीत. खिडकी पुन्हा मोठी झाली की तीच मापे परत लागू होतात. ही स्थिती त्याच स्वयंचलित चाचणीत आणखी एक रुंदी म्हणून घालावी. १३६६ आणि २५६० यांच्या शेजारी ३२०.